आवरतं

वरणात टोमॅटो नको.
कढीपत्ता असू दे, पण मी तो काढणार,
ताटाच्या कडेला एकावर एक रचणार
आणि उठण्याआधी मोजणार.
का, ते विचारू नका.
भाकरीचा पापुद्रा आधी, मग कडा,
मधलं मऊ शेवटच्या दह्यासाठी.
चहावर साय आली की तो चहा गेला.
पोहे आवडतात ते गार झालेले, अगदी गार,
दुपारी तीनला, महाप्याच्या कंपनीत जिन्यात बसून,
डब्याच्या झाकणातून.
केळं मात्र कुणासमोर खात नाही.

लग्नाआधी हे सगळं दर्शनाला सांगून टाकलं होतं,
वाशीला, सागर विहारच्या कठड्यावर.
चण्याची पुडी माझ्याकडे सरकवत ती म्हणाली,
"ही आवडनिवड आहे की सातबारा?"

एक नोंद राहिली.
जवळा.

पहिल्यांदा दिवाळे गावात गेलो
तेव्हा चांगुणाबाईंनी वांग्यात जवळा केला होता.
ओटीवर पाट, तांदळाची भाकरी,
टेबलफॅन फक्त माझ्याकडे वळवलेला
आणि दारात शेजारच्या तिघीजणी,
नौपाड्याचा जावई काय काय खातो ते बघायला.
पहिला घास गेला
आणि कानापर्यंत खाडी भरली.
मी म्हणालो, "वा."
तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं.
पुढे म्हणालो, "अजून थोडं."

त्या थोड्याला बावीस वर्षं झाली.
दर बुधवारी, दिवाळ्याहून कोपरखैरण्याला,
बसमध्ये खिडकीशी चांगुणाबाई,
मांडीवर डबा, डब्याला फडकं, फडक्याला दोन गाठी.
कंडक्टर बदलले. वास तोच.
कुणी नाक मुरडलं तर ती अभिमानाने सांगायची,
"जावयाला आवरतं."

तिच्या बोलीत ड चा र होतो.
तिथे घोरा धावतो, पोरं झारावर चढतात,
आणि जे आवडायचं ते आवरतं.
मीही आवरायचो.
पाण्याचा तांब्या हाताशी, लिंबाची फोड जास्तीची,
ताट आवरायचो,
आधी चेहरा.

या थंडीपासून ती आमच्याकडेच असते.
गुडघे गेले, दात काढले, मीठ डॉक्टरांनी बंद केलं.
परवा बुधवार होता.
दर्शनाने आईच्या हातासारखा व्हावा म्हणून
जवळा दोनदा निवडला, तव्यावर भाजला,
घर दिवाळ्यासारखं दरवळलं.
वाढलं. बसलो तिघं.

आणि मी बघतो तर
चांगुणाबाई वांग्यातून जवळा वेचून
ताटाच्या कडेला लावतेय,
एकेक, न चुकता, रांगेत.

"आई, खा ना. तुझ्या आवडीचा."
"मना कवा आवरला गो?
लानपनी रोजचा त्योच. तवाच इटले.
ह्यांना आवरतं म्हनून..."

पंखा फिरत होता.
मी भाकरीचा पापुद्रा काढायला घेतला,
तो आधीच काढून झाला होता.

दर्शनाने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
मग हात लांब करून
दोन्ही ताटांतला जवळा आपल्या ताटात ओढला.
"मला आवडतो," ती म्हणाली, तोंडात घास असताना.
"लहानपणापासून. पण डबा ह्यांच्या नावाने यायचा,
मला आपला तळाचा रस्सा."
आणि ती जेवत राहिली,
बोटं चाटत, कुणाकडेही न बघता,
बावीस वर्षांची थकबाकी.

आम्हा दोघांना काय वाढायचं, हा प्रश्नच होता.
फ्रीजमधून सकाळचं वरण निघालं,
चांगुणाबाईंसाठी बिनमिठाचं केलेलं,
म्हणून चवीला टोमॅटो घातलेलं.
तिने वाटी माझ्यापुढे सरकवली
आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली,
त्या दिवशी ओटीवर बसली होती तशी.

जिभेच्या टोकाशी "वा" आलं होतं.

आवरलं.