नमुना

डोळा लाल, आणि डॉक्टरीणबाई विचारतात कमरेचं.
अंबादास मेरगू अजून हसतोय यावर,
उजवा डोळा रुमालाखाली,
डाव्यानं माझी सुई बघत.
"सकाळी आखडते का म्हणं.
मागावाल्याची कंबर, मॅडम,
आखडंल नाय तर काय करंल?"

यादी लांब आहे.
अशोक चौकातल्या आमच्या लॅबमध्ये
एका डोळ्यापायी इतक्या नळ्या क्वचित भरतात.
जांभळं बूच, लाल बूच, परत एक जांभळं.
व्हीडीआरएलवर बोट ठेवून बायको विचारते, हे कशाचं?
सगळ्यांचीच करतात, मी म्हणते.
खरंच करतात.
तरी आवाज जरा खाली येतो माझा.

ईएसआरची नळी उभी केली.
आता तासभर रक्त आपल्या वजनानं खाली बसेल,
वर पिवळसर पाणी राहील,
आणि मी घड्याळ बघेन.
शेजारच्या कारखान्यात माग सुरू झाले
की टेबल थरथरतं, आकडा बिघडतो,
म्हणून स्टँडखाली
जुन्या चादरीची चौघडी घातलीय.

हातावर टीबीची टोचणी.
खाजवू नका, परवा या.
परवा आला. मी पट्टी शोधत होते,
त्यानं एका डोळ्यानंच बघून सांगितलं, "चार मिलिमीटर."
चारच भरले.

पुण्याला गेलेली नळी
आठव्या दिवशी कागद होऊन आली.
एचएलए बी-२७: पॉझिटिव्ह.
"म्हंजे?"
निदान सांगणं माझं काम नाही.
डॉक्टरांना दाखवा, म्हटलं.
काहींच्या रक्तात असतं हे, जन्मापासून.

तो कागदाकडं बघत राहिला.
"बाप आमचा वाकून गेला. शेवटी नुसती जमीन बघायचा.
मागानं खाल्लं म्हणायचो आम्ही.
म्हणून तर पोराला मागाला हात लावू दिला नाय,
फार्मसीला घातला."
पलीकडं धोटे धडधडत होते.
"त्याची बी धरते. सकाळी.
मी म्हणायचो, लोळून मोबाइल बघतोस, दुसरं काय."

मग हळूच: "पोराची करायची तर किती पडतील?"
दर सांगितला.
त्यानं फोन काढला, लांब धरला, जवळ धरला.
थेंबांनी बाहुली अजून पसरलेली,
नाव लागेना.
नंबर मीच लावून दिला.