टाळेबंदी

हा शब्द आमच्या घरात जुनाच.
ब्याऐंशी साली काचकारखान्याच्या फाटकावर लागली होती,
अप्पा अकरा महिने रोज डबा घेऊन निघायचे
आणि सुरसागरच्या कठड्यावर बसून खाऊन यायचे.
मी कुणाची चाकरी करणार नाही, श्रीरंग म्हणाला.
नऊ वर्षांचा होता.

मी वीज कंपनीत लागले.
तो मांडवीच्या कमानीजवळ, छत्रीखाली:
एक कानस, एक पकड,
तारेत ओवलेल्या बिनदातांच्या चाव्या.
लोक म्हणत चावीवाळो. तो म्हणे, मालक म्हणा.

मार्च सरता सरता पेपरात तोच शब्द आला.
एक तारखेला माझा फोन वाजला: पगार जमा.
मी घरीच, गाऊनवर, वाटाणे सोलत.
मेमध्ये वाजला. जूनमध्येही.
दर वेळी मी तो पटकन पालथा घातला,
जणू शेजारी कुणी उपाशी बसलंय.
बसलं होतंच. तीन गल्ल्या सोडून.

घरात बसलेल्यांच्या चाव्या हरवत नाहीत गं ताई,
तो फोनवर हसला.
मी पाच हजार पाठवले.
चार हजार नऊशे नव्व्याण्णव परत आले.
रुपया ठेवून घेतला, शकुनाचा.

सहकारी बँकेच्या कर्जाच्या अर्जात
मालकाचे नाव: त्याने स्वतःचंच लिहिलं.
मासिक वेतन: आडवी रेघ.
जामीनदार नोकरदार असावा.
तिथे माझी सही.
अप्पा असते तर हसले असते का, ठाऊक नाही.

दुकानं उघडायची म्हटली तर कुलपं उघडेनात.
सत्तर दिवसांचा गंज.
न्यायमंदिराच्या बाजूला शटरांची रांग,
आणि प्रत्येकापुढे उकिडवा श्रीरंग,
बोटांना रॉकेलचा वास, कान कुलपाला.
बांगडीवाल्याचं उघडलं, छापखान्याचं उघडलं.
पैसे? आत त्यांच्याकडे तरी काय होतं.
राहू द्या, म्हणत तो पुढच्या शटरकडे.

माझं ऑफिस सुरू झालं त्या दिवशी
फायलींच्या कपाटाची चावी मला सापडेना.
तो आला. चार मिनिटं.
मी पाचशेची नोट पुढे केली.
तीस, तो म्हणाला. भाव तोच आहे.
सुटे नव्हते, शिपायाकडून उसने घेतले.
दहाच्या तीन नोटा त्याने कपाळाला लावल्या, बोहनी,
आणि पकड पिशवीत टाकता टाकता विचारलं,
एक जादा चावी करून ठेवू का?
तुझ्याकडे परवडेल.