शिसपेन्सिल

शाळेच्या व्यायामशाळेत मतदान.
भिंतीला उभ्या केलेल्या गाद्या, त्यांचा घामट वास,
पडद्याआड दोरीला बांधलेली शिसपेन्सिल.
प्रश्न मोठा नाही:
थोरलं अपत्य गादीवर बसावं का,
मुलगी असली तरी?

थ्यूरा चष्मा पुसते. वय एक्क्याऐंशी.

बापाने जटलंडमधलं शेत,
एकोणीस गाई, वाऱ्याने वाकलेलं कुंपण
आंकरच्या नावे केलं तेव्हा
आंकर अजून अंथरूण ओलं करायचा.
ती सतराची. धारा तीच काढायची.
वकिलासमोर दौतही तिनेच आणून ठेवली होती,
आणि कॉफी.
रागावण्यासारखं काही आहे
हे तेव्हा सुचलंच नाही.

राजघराण्याशी तिची ओळख
नाण्यावरच्या चेहऱ्याइतकीच.
तरी फुली मारताना
टोक मोडतं.

बाहेर आंकर, गाडी चालूच ठेवलेली.
"एवढा वेळ?"
"पेन्सिल बोथट होती."

ते शेत त्याने विकलं,
त्यालाही आता बारा वर्षं झाली.
तिथे पवनचक्क्या फिरतात, कुणाच्या कोण जाणे.
वळणावर दोघांच्याही माना तिकडे वळतात.
तिची जरा आधी.