फाटकाची कडी

आमच्या राचाच्या डोंगरात
गाई संध्याकाळी आपल्या आपण घरी येतात.
कुणी हाकायला जात नाही. पुलापाशी कळप फुटतो
आणि ज्याची गाय त्याच्या दारात उभी राहते.
गावात एवढा एकच हिशेब बिनचूक.

तीन महिने मी ओतारच्या मागे लागले होते,
फाटकाची कडी निसटतेय, बसवून दे.
तो म्हणायचा, उद्या.
मी म्हणायचे, तुझा उद्या म्हणजे
वर्षभर न येणारा पाहुणा.
तो हसायचा, आणि कडी तशीच लोंबायची.

त्या दिवशी निकोरा आली.
मी धार काढायला बसणार, तोच
तव्यावरच्या मक्याच्या भाकरीची आठवण झाली.
भाकरी उलटून बाहेर येते तो
फाटक सताड उघडं, आणि अंगणात गाय नाही.

कंदील घेऊन आम्ही निघालो.
ओतार पुढे, कडीच्या नावाने बोटं मोडत
(जशी ती माझीच चूक),
मागे मी, आणि मझिया, आमची धाकटी,
चिखलातले खूर वाचत:
इथे थांबली, इथे गवत खाल्लं, इथून वर.

वर अक्रोडाचं झाड आहे.
झाडाखालून हद्द जाते की झाडापलीकडून,
यावरून दोघा भावांनी
आठ वर्षं तोंड पाहिलं नव्हतं एकमेकांचं.
सासूबाईंच्या मातीलाही
एक डावीकडे उभा होता, एक उजवीकडे.

ओतार झाडापाशी थांबला.
पलीकडे, झाउरीच्या गोठ्यात,
निकोराच्या गळ्यातली घंटा वाजत होती
सावकाश, रवंथ करताना वाजते तशी.

मझियाला कुठे माहीत होती हद्द?
ती गेली पळत.
मग बापाला जावं लागलं.

माझा दीर अंधारात बसून
आमच्या गाईची धार काढत होता.
बादली सासूबाईंची, काठाला पोचा असलेली.
वर न बघता म्हणाला,
कास तटतटली होती. सकाळी पाठवणार होतो दूध.

कुणीच काही बोलेना.
मग ओतार म्हणाला,
मागचा डावा सड जरा कडक आहे तिचा.
झाउरी म्हणाला,
माहितेय. तिच्या आईचाही होता.

एवढंच बोलणं.
जाऊबाई दारेजान दारात आली, मला बघितलं,
आत गेली,
आणि एका खुर्चीऐवजी दोन खुर्च्या घेऊन आली.

रात्री कोपऱ्यातल्या मूर्तीपुढे मी मेणबत्ती लावली.
देवा, आठ वर्षं मी तुझ्याकडे मागत होते
एखादं स्वप्न, एखादा देवदूत,
निदान पाद्रीबाबांच्या तोंडून एक कडक शब्द.
आणि तू काय पाठवलंस?
एक सैल कडी, एक आळशी नवरा.
आणि मी तीन महिने रोज
तुझ्याच कामात खोडा घालत होते.

की तसं काही नाहीच?
निकोरा जन्मली त्याच गोठ्यात.
तिला वाट पाठ होती, बस्स.
तुझं नाव मी उगाच घेतेय,
करपलेल्या भाकरीवर लोणी थापावं तसं.
असेलही.
पण भाकरी नेमकी त्याच क्षणी का आठवली,
हे मला अजून कळलेलं नाही,
आणि कुणाला विचारायचंही नाही.

अक्रोडाचा वाद मिटलेला नाही.
यंदाही झाउरीने अर्ध्याहून जास्त झोडपले,
ओतारने मोजले, कुरकुरला,
पण कुरकुरायला तो त्याच्याच ओसरीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच
ओतार हातोडी आणि खिळे घेऊन
फाटकापाशी हजर. आयुष्यात पहिल्यांदा, न सांगता.
मी दारातून हाक मारली,
राहू दे रे.
उद्या कर.