जोडपट्टा

तिसऱ्या नकारपत्रावर कॉफीचा डाग पडला.
माझ्या नाही, रॉइसच्या कपाचा.
त्याने पुसला नाही. म्हणाला, पत्र त्याच लायकीचं आहे.

पडुका गावात टेनेसी नदी ओहायोला मिळते,
तिथून दोन मैलांवर शाळेच्या बसचा डेपो.
चौदा नंबरची बस माझी, एकोणीस वर्षं.
सीटबेल्ट पुरायचा नाही,
म्हणून वीतभर जोडपट्टा स्वतःच्या पैशाने मागवला
आणि पर्समध्ये तळाशी ठेवला,
औषधासारखा, कुणाला न दाखवता.

विमा कंपनीला सहा महिन्यांचं डाएट लिहून हवं होतं.
सलग सहा.
पाच भरले, सहाव्यात रस्ते गोठले, दवाखाना बंद.
पुन्हा एकपासून मोजा.
मानसतज्ज्ञाने विचारलं, तुम्ही कशासाठी खाता?
मी म्हटलं, तुम्ही कशासाठी विचारता?
मग घाबरले, लगेच शहाण्यासारखं उत्तर दिलं.
सही त्याचीही लागणार होती.

फोन धरून ठेवल्यावर वाजणारा पियानो इतका पाठ झाला
की लाल दिव्याला बोटं स्टिअरिंगवर तोच वाजवायची.

मंजुरी आली तेव्हा मी बसच्या पायरीवर,
कोल्बीची आई अजून आली नव्हती, तो दगडं मोजत होता.
मंजूर हा शब्द ऐकला
आणि मला कडकडून भूक लागली.

डॉक्टर हद्दादनी टेबलावर एक अंडं ठेवलं.
पोट एवढं उरेल, म्हणाले.
मी विचारलं, उकडलेलं की कच्चं?
ते हसले नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पाचव्या दिवशी डावा खांदा दुखायला लागला.
रॉइस म्हणाला, उशी बदलू.
उशी बदलली. नाडी एकशेतीस.
टाक्यांच्या रांगेत एक जागा उसवली होती,
टाचणीच्या टोकाएवढी.
तेवढ्यातून मी आतल्या आत सांडत होते.

रात्रीची नर्स इमेल्डा, सेबूची.
नळीतून आलेलं मोजताना
स्वतःच्या भाषेत आकडे पुटपुटायची.
आकडे कळायचे नाहीत, सूर कळायचा:
आज कमी. आज जास्त. आज थोडं कमी.
अठ्ठावीस दिवस तोंडाने थेंब नाही.
ओल्या स्पंजची काडी ओठांवरून फिरायची
आणि स्वप्नात केक नाही, पाय नाही,
लोणच्याच्या बरणीतलं उरलेलं खारं पाणी यायचं.

घरी गेल्यावर पत्र:
सदर दुरुस्ती मंजूर शस्त्रक्रियेचा भाग नाही.
या वेळी कप मी ठेवला.

मग बाकीचं.
बाथरूमच्या जाळीत माझे केस, मूठभर.
आतली वाट अरुंद झाली, फुगा घालून तीनदा रुंद केली.
चर्चच्या जेवणात पीच कॉब्लरचा एक चमचा,
आणि बायकांच्या खोलीत फरशीला गाल लावून
घाम ओसरायची वाट बघणं.
रॉइस सिंकपाशी उभा राहून जेवतो, पाठ करून.
त्याला वाटतं मला दिसत नाही.

आयुष्यभर सगळं पोटात घातलं.
आईचं बोलणं तर खास, वाढून घेतल्यासारखं.
परवा ती म्हणाली, चेहरा ओघळला गं तुझा.
आत अंड्याएवढी जागा.
मी म्हटलं, मग बघू नकोस.
दोघीही दचकलो.

एकशेचार पौंड गेले.
कुठे गेले असं कोल्बी विचारतो.
खरंच, कुठे?

ऑगस्टमध्ये टावाना आली, नवी, सव्वीसची.
बावीस नंबरमध्ये बसली, पट्टा ओढला,
पुन्हा ओढला, मग जॅकेट वरून घेतलं.
खट् झालंच नाही.
तो न झालेला आवाज मला तीन बसपलीकडून ऐकू येतो.

हातात देणं जमेना.
संध्याकाळी तिच्या सीटच्या खिशात ठेवला,
कुणाचा चुकून राहिल्यासारखा.

सकाळी ती माझ्या खिडकीखाली उभी,
जोडपट्टा नीट गुंडाळलेला.
तुमचा राहिला होता ना, म्हणाली, माझ्याकडे न बघता.

हो, म्हटलं. माझाच.