दर्शक

मी गुणवरे. खडकीच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक.
बावीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या,
माझ्या नखांना परमँगनेटचा तपकिरी काठ आहे.
शिक्षक नाही मी. पर्यवेक्षणाला मात्र चालतो.

मंगळवारी नववी ब-चं प्रात्यक्षिक होतं, आम्ल आणि आम्लारी.
सोमवारी शाळा सुटल्यावर मी बसून
कॉस्टिक सोड्याचं पाणी केलं,
फिनॉल्फ्थॅलीन ड्रॉपरच्या बाटलीत भरलं,
चाळीस चंचुपात्रं पुसून ओळीत लावली.
पावणेसहाला परिपत्रक आलं.
राज्यस्तरीय चाचणी. सर्वांना अनिवार्य. उद्यापासून.
तळाशी बारीक अक्षरांत:
हे गुण वार्षिक निकालात धरले जाणार नाहीत.

वर्ग अपुरे, बाक अपुरे.
चंचुपात्रं कपाटात गेली,
बर्नरच्या शेजारी आसनक्रमांक चिकटले.

सकाळी कारखान्याचा भोंगा झाला
आणि मी पाकीट फोडलं.
पहिला प्रश्न कधीच छापलेला नसतो:
"सर, मार्क धरणार का?"
नाही.
"मग नाही दिली तर?"
द्यावीच लागते.
"का?"
सुयोग पानसंबळ विचारत होता, उद्धटपणे नव्हे,
रिक्षावाल्याला मीटरचं विचारावं तसं.
मी म्हणालो, वरून आलंय.
त्यानं वर पाहिलं.
पंखा होता.

घटक चाचणी झालेली. सत्र परीक्षा झालेली.
नवरात्रात आणखी एक झाली, तिचे गठ्ठे अजून
माझ्याच कपाटात, ॲसिडच्या बाटल्यांखाली.
न्यायला कुणी आलं नाही.
आता हिचे कुठे ठेवायचे,
ह्या प्रश्नाला पर्याय दिलेले नाहीत.

प्रश्न एकोणिसावा:
आम्लारीत फिनॉल्फ्थॅलीनचा रंग कोणता होतो?
अ निळा, ब पिवळा, क गुलाबी, ड रंगहीन.
माझ्या पाठीला कपाटाची कडी टोचत होती.

जोहरा मुजावरनं एकोणीसचा गोल मोकळा ठेवला.
शेजारी पेन्सिलीनं, मुंगीएवढं:
अजून बघितलं नाही.

मुख्याध्यापिका फेरी मारून सांगून गेल्या होत्या,
एकही गोल रिकामा नको, शाळेची सरासरी जाते.
मी जोहराच्या बाकाशी थांबलो.
"पाठ आहे सर, 'क'," ती हळूच म्हणाली,
"पण तुम्हीच काल म्हणालात, उद्या बघू."

मी खोडरबर पुढे केला.
हे इथे लिहितो, कारण ते कुठल्याच तक्त्यात येत नाही.
तिनं घेतला. खोडलं. 'क' काळा केला, काठाला काठ लावून,
सूचनेत सांगितलं होतं अगदी तसा.

साडेअकराला गठ्ठा बांधला, लाख लावली.
बोटाला चटका बसला.
वळलो तर जोहरा दारात, दप्तर अडकवून,
मागे सुयोग, बोपोडीची बस सोडून.
कुणी काही मागितलं नाही. मी कपाट उघडलं.

एकच पात्र. तळाशी आम्ल, त्यात दर्शकाचे दोन थेंब:
काही नाही, पाणीच.
मग सोडा, थेंब थेंब. ती मोजत होती.
चौदा, पंधरा,
सोळाव्याला काहीतरी उमटलं,
बांगडी काढल्यावर मनगटावर वळ राहतो
तेवढंच गुलाबी.
"आला!" सुयोग ओरडला.
पुस्तकातल्यासारखा नव्हता. पुस्तकात गडद छापलाय.

ती काचकांडीनं ढवळत राहिली,
दोघंही पात्रात नाक घालून,
आणि बघता बघता रंग विरला.
पुन्हा पाणी.
हवेतला कार्बन डायऑक्साइड, मी म्हणालो.
थोडा तुमचा श्वासही असेल.

सुयोगनं पात्राकडे पाहिलं, मग लाखेच्या गठ्ठ्याकडे.
"मग सर, उत्तर काय धरणार?"

मला चार पर्याय आठवले. चारांत नव्हतं.
अजून एक थेंब टाक, म्हणालो,
आणि खडूच्या डबीखालची किल्ली शोधू लागलो.
साडेबाराला दुपारची शाळा भरते.
बाक परत लावायचे होते.