धोटा की लाळी

हुक्केरी मॅडम म्हणाल्या, सुलक्षणा,
तीनशे बारा पानं लिहिलीस, वाचली चौघांनी.
तू, मी आणि दोन परीक्षक.
त्यातल्या एकानं शेवटचं प्रकरण
नुसतं उलटलंय, असा माझा संशय.
आता एक खातं उघड.

उघडलं.
कडोलीच्या बसमध्ये, उभ्यानं, एका हातानं.
फोननं विचारलं, गाव?
मी लिहिलं बेळगाव,
त्यानं दुरुस्त करून दिलं बेळगावी.
मग विचारलं, भाषा?
रकाना एकच होता.
आमच्या घरी व्यापाऱ्याशी कन्नड, म्हशीशी मराठी,
भांडण जी आधी तोंडात येईल तिच्यात.
रकाना मोकळा सोडला.

फोटोत मागं पुस्तकांचं कपाट हवं म्हणे.
मी रताळ्यांच्या पोत्यांपुढं बसले
आणि पोती कापून टाकली.

पहिल्या दिवशी प्रबंधाचं नाव टाकलं, पूर्ण, तीन ओळींचं.
बघणारे अकरा.
चुलतभावानं हात जोडले,
आत्यानं केकचं चित्र पाठवलं,
तिला वाटलं वाढदिवस आहे.

लहान कर, मॅडम म्हणाल्या.
माणसं रिक्षात बसून बघतात.
म्हणून चार वर्षं चाळीस सेकंदांत घातली:
वडगावचा माग, ताणलेलं सूत, फणी,
आणि माझा आवाज, जरा मास्तरकी असलेला:
‘मराठी घरात ह्याला धोटा म्हणतात,
कन्नड घरात लाळी.’
पान एकशे सत्याऐंशी, तक्ता नऊ.

रात्रीपर्यंत चौदा हजार.
मला झोप लागेना, दर पाच मिनिटाला आकडा बघायची,
दूध उतू जातंय का बघावं तशी.
काहीजण म्हणाले लाळी काढ,
काहीजण म्हणाले धोटा खोटा.
मागाबद्दल कुणीच काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी एक ध्वनिसंदेश,
एक मिनिट अकरा सेकंद.
‘मी सौंदर्या. आज्जी बोलणार म्हणते, ऐका.’
मागं यंत्रमागाची खडखड, आणि तिच्यावर चढून
पार्वतव्वा कामकर:

‘काय गे, एवढी शिकलीस आणि हे काय बोललीस?
धावती तोवर ती लाळी.
सुतात अडकला, पायावर पडला, की धोटा.
घर एकच. तोंड बी एकच.
तू आलतीस न्हवं, चहा घेतलीस, वही काढलीस,
आणि विचारलीस, तुमच्यात काय म्हणतात?
तुमच्यात म्हणजे कुणात गे?’

पुढं नुसती खडखड.
संदेश संपला.

मी तक्ता नऊ उघडला.
डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड,
मधली रेघ माझी.
घरं मोजण्याआधीच ओढलेली.
परीक्षकांना ती सरळ वाटली होती,
एकानं तर ‘सुबक मांडणी’ असा शेरा दिला होता.

लिहिलं:
‘पान एकशे सत्याऐंशीवर मी चुकले आहे.
शब्द घरावरून बदलत नाही,
वस्तू चालते की थांबते यावरून बदलतो.
माहिती: कामकर, पार्वतव्वा. वडगाव.’
बोट बराच वेळ बटणावर.
मग दाबलं.

बघणारे त्रेपन्न.
चौदा हजारांतलं कुणी परत फिरकलं नाही.
मॅडमनी फोन केला, म्हणाल्या, दुखतंय का?
म्हटलं, थोडं.
म्हणाल्या, मग हे खरं प्रकाशन.
आणि लगेच, बरं, तिला अजून काय काय येतं?

रविवारी वडगावला जाते आहे.
वही नेणार, पट्टी नाही.
यावेळी विचारणार, हे पडलं की काय म्हणता,
तुटलं की काय, आणि रागात असलात की?

फोन अजून रोज सकाळी आठवण करतो,
‘तुमची माहिती अपुरी आहे.’
आहेच की.